लिफ्ट बघून घर

साडू या नात्याची गंमत अशी, की त्यात दोन माणसांचा एकमेकांशी तसा काहीच संबंध नसतो. एकाच सासऱ्याच्या दारात दोघं मागेपुढे उभे राहिलेले असतात, एवढंच. पण पुढचा माणूस इंचाइंचानं सरकणारा असला, की मागच्यानं किती वर्षं चडफडायचं याला काही धरबंध राहत नाही. आमचे साडू माझ्या पुढे सहा वर्षं आणि मागे सहा पावलं, असे कायम असतात.

त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शहरातल्या निम्म्या इमारती ते आतून ओळखतात. आतून म्हणजे तळाच्या खड्ड्यापासून गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत. मधल्या खोल्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. त्यांच्या लेखी इमारत म्हणजे लिफ्टला आधार म्हणून भोवती उभारलेल्या भिंती, आणि लोक त्यात राहतात ते लिफ्टला काहीतरी काम असावं म्हणून.

निवृत्त झाले तेव्हा त्यांना एकरकमी पैसे मिळाले. त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, बजावलं की बारीक काम आता बंद. ताई चोवीस वर्षं घरी बसून शाळेच्या गणवेशांना काजं करते, बटणं लावते. गठ्ठेवाला शर्ट आणून टाकतो, ताई काजं करून परत देते. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर असंच चाललं तर सुई सोडा, ताट दिसायचं नाही." आता पेन्शन आणि काजं असं मिळून चालणारं घर, त्यातली काजं काढली तर खालीच बसणार. तेव्हा ठरलं असं, की साडूंनी त्या पैशांत एखादा लहान फ्लॅट घ्यावा, भाड्यानं द्यावा, आणि भाडं सुरू झालं की ताईनं सुई ठेवावी. तोपर्यंत काजं चालू.

"महिनाभरात बघून टाकतो," साडू म्हणाले.

त्या महिन्याला पुढे आठ महिने लागले.

जागेत पहिल्यांदा पैसे घालणारा माणूस दिसला की सल्ला देण्यात जगाला जे सुख मिळतं ते त्याला स्वतःच्या लग्नातही मिळालेलं नसतं. साडूंच्या न्हाव्यानं सांगितलं, टेकडीपलीकडे घ्या, मोठा रस्ता होणार आहे. दातांच्या डॉक्टरांनी साडूंच्या तोंडात दोन्ही हात घालून सांगितलं, कॉलेजजवळ घ्या. साडूंना नको म्हणायचं असेलही, पण ते "आं" एवढंच म्हणाले आणि डॉक्टरांनी तो होकार धरला. पुतण्या म्हणाला, इमारत पुरी व्हायच्या आधी घ्या, स्वस्त पडते. शेजारचे म्हणाले, इमारत पुरी झाल्याशिवाय पाऊल टाकू नका, आमचे मामा बारा वर्षं खांब मोजतायत. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी एकदा फ्लॅट घेतला होता. तळ्याच्या बाजूचा म्हणून घेतला होता. तळं अजून त्याच बाजूला आहे, मात्र मध्ये सात मजले उभे राहिलेत. या शिदोरीवर मी घराण्यातला जाणकार ठरलो, आणि दर रविवारी साडूंबरोबर घरं बघत हिंडणं माझ्या नशिबी आलं.

आमचा एजंट तरणा, चपळ आणि कमालीचा आशावादी होता. त्याच्या प्रत्येक फ्लॅटपासून दवाखाना दोन मिनिटांवर, बाजार दोन मिनिटांवर, बस दोन मिनिटांवर. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव दोन मिनिटं ठेवलं. त्यानं दाखवलेला पहिला फ्लॅट खरोखर चांगला होता. चौथा मजला, भरपूर उजेड, खाली रस्त्यावर वर्दळ, समोर मोठं रुग्णालय. मी मनात भाडेकरूही बसवून टाकला.

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. साडूंनी खिशातून एक नाणं काढलं, गुडघ्यावर बसले आणि लिफ्टच्या जमिनीवर ते नाणं कडेवर उभं केलं.

"काका, काही पडलं का?" दोन मिनिटंनं विचारलं.

"बटण दाबा. हलू नका."

लिफ्ट निघाली. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभे. दुसऱ्या मजल्यापर्यंत नाणं उभं होतं, तिसऱ्याला थरथरलं आणि आडवं झालं. साडू उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "खाली चला."

"अहो, चौथा मजला आलाय," मी म्हटलं. "फ्लॅट तर बघा."

"बघायचं काय त्यात? लिफ्ट ज्यांवर सरकते ते रूळ वाकलेत."

"फ्लॅटमध्ये रूळ नाहीत, साडूभाऊ. भाडेकरू काही लिफ्टमध्ये बिछाना टाकणार नाही."

"पण येणार लिफ्टनंच ना?" ते शांतपणे म्हणाले. "ज्या इमारतीला लिफ्ट सांभाळता येत नाही ती भाडेकरू काय सांभाळणार? लिफ्ट ही इमारतीची नाडी असते. वैद्य आधी नाडी बघतो, चेहरा नाही."

यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. साडूंचा त्रास तोच आहे. त्यांच्या बोलण्यात चमचाभर तथ्य असतं आणि ते चमचाभर तथ्य ते हौदभर पाण्यात कालवतात.

त्यानंतरचे रविवार मी आठवायचे नाहीत असं ठरवलंय, पण ते आठवतातच. एका ठिकाणी दार मिटताना खरखरलं म्हणून फ्लॅट बाद. एका ठिकाणी लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबली म्हणून बाद. एक इमारत तीनच मजल्यांची होती, तिला लिफ्टच नव्हती. साडू तिच्यापुढे असे उभे राहिले, जणू जवळचं कुणी गेलंय आणि त्यांना कळवलंच नाही. म्हणाले, "ही अजून पुरी कुठे झालीय?" इमारत चाळीस वर्षांची होती.

सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांना लोक ओळखायचे. एका सोसायटीत पाय ठेवतो न ठेवतो तोच सेक्रेटरी धावत आले आणि आनंदानं म्हणाले, "आलात? परवापासून बंद आहे हो." साडूंनी मी घर बघायला आलोय असं सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "कुठल्या मजल्यावर?" पुढचे अडीच तास साडू मशीन रूममध्ये, आमचा दोन मिनिटं त्यांच्यासाठी बॅटरी धरून, आणि मी जिन्यात लिफ्टसाठी खोळंबलेल्या एका आजोबांना धीर देत बसलेलो. लिफ्ट सुरू झाली. सेक्रेटरींनी चहा पाजला. फ्लॅट राहून गेला. परतताना साडूंच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"काय दिवस गेला," ते म्हणाले.

"पण घर?"

"ते काय, बघू."

अशा इमारती झाल्या सतरा. न्हाव्यानं सांगितलेला टेकडीपलीकडचा भाग मध्येच महाग झाला, कॉलेजजवळचे दोन फ्लॅट आमच्या नाण्यादेखत दुसऱ्यांनी घेतले. दोन मिनिटं आता फोन उचलायला दोन दिवस लावू लागला.

इकडे ताईला सुईत दोरा ओवता येईनासा झाला. माझी बायको सकाळी कामावर जाताना वाटेत तिच्याकडे थांबायची, खिडकीच्या उजेडात वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. पहिल्यांदा दहा पुरायच्या, मग पंधरा, मग वीस. कारण ताई हातातली सुई खाली ठेवायची आणि ती तिला परत सापडायची नाही. बायको घरी आली की हिशेब माझ्याकडे मागायची.

"आज कुठली लिफ्ट बघितलीत?"

"मी नाही बघत. ते बघतात."

"दोन जावई मिळून एक घर सापडत नाही तुम्हाला. बाबांनी तुम्हाला मुली कशा बघून दिल्या कुणास ठाऊक."

 सासऱ्यांनी आम्हाला निवडताना नाणं उभं केलं नव्हतं, हे उघड होतं.

आणि मग अठरावी इमारत आली. शहराच्या कडेला, एकटीच, आठ मजली. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, साडूंनी नाणं उभं केलं, आणि ते नाणं आठव्या मजल्यापर्यंत गेलं आणि तसंच उभं खाली आलं. साडूंनी पुन्हा बटण दाबलं. नाणं पुन्हा गेलं आणि आलं. ते गच्चीवर गेले, मशीन रूम उघडायला लावली, देखभालीची वही मागितली. इमारत अकरा वर्षांची, आणि वहीत तक्रारीच्या रकान्यात पानंच्या पानं कोरी. ते दोरांवरून हात फिरवत होते, दोरांना नवेपणाचं तेल तसंच होतं. मी त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत पाहिलंय. तिथेही तो इतका सुखी दिसत नाही.

"हेच घर," ते म्हणाले. फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता, तो त्यांनी दारातून पाहिला.

किंमतही इतरांच्या पाऊणपट होती. मी दोन मिनिटंला विचारलं, "एवढं स्वस्त कसं रे?"

"मालकाला घाई आहे," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं बस किती मिनिटांवर आहे ते सांगितलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण आठ महिन्यांनंतर माणूस इतका शिणलेला असतो की तुरुंगातली कोठडी दाखवली असती तरी मी हवेशीर आहे म्हणालो असतो.

पुढच्या रविवारी टोकन द्यायचं ठरलं. ताई म्हणाली, "मीही येते. पैसे जायच्या आधी एकदा बघू तरी."

तिला वर यायला सांगितलं तर ती नको म्हणाली. आवारात एक बाक होता, त्यावर ती बसली. मालक उशिरा येणार होता. तोवर साडू दोन मिनिटंला लिफ्ट म्हणजे काय चीज असते हे वरखाली करून दाखवत होते आणि मी त्यांच्या मागे. दोन तासांनी आम्ही खाली आलो तेव्हा ताई तशीच बसलेली होती, डोळे बारीक करून वर बघत.

"काय गं, झोपलीस की काय?" साडू म्हणाले.

"नाही. मोजत होते. अकरा ते एक लिफ्ट पाच वेळा आली. पाचही वेळा आतून तुम्हीच बाहेर आलात."

साडूंना यात स्तुती वाटली असावी. ते हसले.

"आणि दुसरं," ताई म्हणाली. "मला जवळचं दिसत नाही, पण लांबचं दिसतं. रविवार आहे. उद्या शाळा. एवढ्या सगळ्या गॅलऱ्यांत एकही गणवेश वाळत नाही. मी केव्हाची शोधतेय. पांढरा शर्ट नाही, निळा नाही, काहीच नाही. खालच्या मजल्यावर एक टॉवेल आहे, तो मगाशी मी वॉचमनला टाकताना पाहिला."

मी वॉचमनकडे गेलो. तो बिचारा बोलायला माणूस मिळाला म्हणून इतका खूश झाला की काहीच लपवलं नाही. अठ्ठेचाळीस फ्लॅट, त्यातले सात भरलेले. पूर्वी इथून पुढे कारखाना होता, तो इमारत भरायच्या आतच बंद झाला. मग बस बंद झाली. मग दुकान बंद झालं. लिफ्टची तक्रार कोण करणार? मीच कधीकधी जातो वर, तो म्हणाला, कंटाळा आला की.

साडू ऐकत होते. मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांनी फक्त मशीन रूमच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि नाणं खिशात टाकलं.

आम्ही टोकन न देताच घरी निघालो. माझी जीभ शिवशिवत होती. अकरा वर्षं न चाललेली गाडी नवीच दिसणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं काहीतरी ओठांवर आलं होतं. पण पडलेल्या माणसाला लाथ मारू नये, शिवाय तो स्वस्त फ्लॅट मलाही आवडला होता.

ताईनं चहा दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, चौतीस वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा तुम्हाला कुणी बोलावलं?"

"ती अवदसा," साडू तात्काळ म्हणाले. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीतल्या एका सहा मजली इमारतीच्या लिफ्टचं हे नाव त्यांनी ठेवलेलं आहे. "दुसरी कोण? माझ्या हातातला घास त्या बाईनं कधी तोंडात जाऊ दिला नाही. मी तुझ्या भावाच्या लग्नातून उठून गेलो होतो ते तिच्यासाठीच."

"का हो एवढी बिघडायची?"

"का म्हणजे? क्षणाची उसंत नाही तिला. पहाटे पाचला दिवसपाळीच्या नर्स उतरतात, सहाला रात्रपाळी संपलेल्या चढतात. सातला शाळेची पोरं. पहिल्या मजल्यावर शिकवणी, तिसऱ्यावर डॉक्टर, पाचव्यावर कुणी मुली राहतात शिकायला, एका खोलीत चार चार. कुणी गेलं की संध्याकाळी त्याच्या जागी दुसरं गादी घेऊन हजर. गाद्या, कपाटं, सिलिंडर, काय नाही चढवलं तिच्यात? दार मिटायला सवड मिळत नाही हो तिला. इतकी माणसं एका…"

ते थांबले. कप हातात तसाच.

ताईनं बशी त्यांच्यापुढे सरकवली.  

"नाही," साडू म्हणाले. "तिथे नाही. मी तिथे मालक होऊन जायचं? चौतीस वर्षं मी तिला शिव्या दिल्यात. तिथले सेक्रेटरी मला आयुष्यभर गुंतवून ठेवतील. फुकट. ते जाऊ द्या, पण त्या लिफ्टवर मी पैसे लावू? नाणं आत नेताच पडतं तिथे. हातातच पडतं."

त्यानंतर तीन आठवडे साडूंनी घर या विषयाचं तोंड पाहिलं नाही. मी फोन केला की ते हवेविषयी बोलायचे. मी बोलण्याची गाडी रुग्णालयाकडे वळवली की ते म्हणायचे, "बरं, ठेवतो, दूध उतू जातंय." त्यांच्या घरात त्या तीन आठवड्यांत जेवढं दूध उतू गेलं तेवढं गोठ्यातही निघत नाही. मी हात टेकले. बायकोला सांगितलं, आता तुझ्या मेहुण्यांना काय ते तूच समजाव, मी संपलो.

समजवायची वेळ तिच्यावरही आली नाही. एका सकाळी गठ्ठेवाला दीडशे शर्ट परत घेऊन आला. ताईनं सगळी काजं उलट्या बाजूला केली होती. मुलांच्या शर्टांना डावीकडे हवीत ती उजवीकडे. चोवीस वर्षांत तिचा एक शर्ट परत आला नव्हता. तो म्हणाला, कापड फुकट गेलं, पण भरून काही मागत नाही ताई, इतक्या वर्षांची ओळख. ताईला ते जास्त लागलं. तिनं सगळा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि खिडकीशी बसून एकेक काज उसवायला लागली. दिसत नव्हतं, म्हणून बोटानं चाचपायची, टाका लागला की कात्रीचं टोक लावायची. दोनदा टोक बोटात गेलं. तिसऱ्यांदा साडू उठले, तिच्या हातातून कात्री घेतली आणि समोर बसले. लिफ्टच्या गुंतलेल्या तारा सोडवणारा तो माणूस दुपारपर्यंत काजं उसवत राहिला. तेवढ्यात त्यांची तेवीस झाली. ती तेवीस ताई पूर्वी तासाभरात करायची.

संध्याकाळी दोन मिनिटंचा मला फोन आला. आवाजात भीती होती. "काकांचा फोन होता. रुग्णालयामागच्या इमारतीत काही आहे का विचारत होते. बरे आहेत ना?"

होतं. दुसऱ्या मजल्यावर. आम्ही गेलो तेव्हा लिफ्ट बंदच होती. साडूंनी तिच्या दाराकडे पाहिलं नाही, सरळ जिना चढले. फ्लॅटमध्ये गेल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना. मग त्यांनी नळ सोडला, बंद केला. खिडकी उघडली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात फिरवला. भिंतीवर टकटक केलं. मी म्हटलं, "कसं आहे?"

"आत बरीच जागा असते हो," ते म्हणाले. "हे माहीत नव्हतं."

किंमत पहिल्या रविवारच्या हिशेबानं चांगलीच वाढलेली होती. या आठ महिन्यांची किंमत मी साडूंना आकडा घालून सांगणार होतो, पण बायकोनं माझा कोपर दाबला. व्यवहार झाला. कागदपत्रं झाली. रंग लावायला माणूस लावला, त्यालाच चार जणांनी येऊन विचारलं की भाड्यानं द्यायचंय का. रंग वाळायच्या आत रुग्णालयातल्या दोन नर्स राहायला आल्या. गादी, कपाट, शेगडी, सगळं अर्ध्या दिवसात. साडू खाली उभे राहून, हे सगळं लिफ्टमध्ये एकदम घालू नका, असं ओरडत होते. कुणी ऐकलं नाही.

पहिलं भाडं आलं त्या आठवड्यात गठ्ठेवाला पुन्हा दारात उभा राहिला. म्हणाला, मोठी शाळा आहे, पाचशे शर्ट, एवढं एक करून द्या. ताई घरात एकटी होती असं नाही, साडूही होते, आणि त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "तसं आहे बघा, जरा विचार करून…"

"विचार झालाय," ताई म्हणाली. "नाही जमणार, दादा. पलीकडच्या गल्लीत एक मुलगी आहे, तिचे डोळे चांगले आहेत. तिला द्या." आणि तिनं दार लावून घेतलं.

दुपारी अडीचच्या सुमारास साडूंचा मला कार्यालयात फोन आला. इतक्या हळू बोलत होते की मला वाटलं काहीतरी झालं.

"ही झोपलीय," ते म्हणाले.

"मग?"

"दुपारची. जेवली, हात पुसले, आणि जाऊन आडवी झाली. इतक्या वर्षांत कधी झोपलेली नाही. तास झाला. काय करू?"

"काही करू नका, साडूभाऊ," मी म्हटलं. "कृपा करून काही करू नका."